आडवा धागा

लग्नं कशावरून मोडतात याची माझ्याइतकी पक्की माहिती सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे नसेल. एकवीस वर्षं मी वधू-वर सूचक केंद्र चालवते आहे. माझ्या वहीत प्रत्येक बैठकीला एक ओळ आणि ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात काय नाही? मुलाचे कान मोठे. मुलगी हसत नाही. मुलगी फार हसते. मुलाच्या आईने आमच्या पायपुसण्याकडे पाहून नाक मुरडलं. एका घराने, मुलगा जेवताना ताटाबाहेर शेंगाचटणी सांडतो म्हणून नकार कळवला होता. सोलापुरात राहून शेंगाचटणी न सांडता खाणारा जावई त्यांना पुढे मिळाला का, ते मला कळलेलं नाही.

खरं कारण रकान्यात क्वचित येतं. खरं कारण पोटात असतं आणि सांगायला दुसरं एखादं लागतं. ते दुसरं, कुणाला न दुखावणारं, वेळेवर पुरवणं हे माझ्या धंद्यातलं निम्मं कौशल्य. म्हणून गिरणीच्या छपराखाली तो धागा पडायला लागला तेव्हा त्याचा उपयोग काय, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. ते यंत्र बनवणाऱ्या मुलीच्याही आधी.

माणकेश्वर मिल बंद पडून पन्नास वर्षं होत आली होती. चिमणी पाडली, साचे भंगारात गेले, पण कताईचं मोठं दालन तेवढं उभं राहिलं. त्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आहे, प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि एक सरळ उभी, काचेची. सगळ्या काचांची तोंडं उत्तरेला, म्हणजे सुतावर थेट ऊन पडत नाही आणि दिवसभर सारखा उजेड मिळतो. २०४० साली त्याचं नागरिक दालन झालं. एका टोकाला वाचनालय, दुसऱ्या टोकाला दाखल्यांच्या आणि पेन्शनच्या खिडक्या, मध्ये शहाबादी फरशीचा मोकळा चौक आणि लोखंडी खांबांना धरून बाकं. दुसऱ्या वर्षी त्या चौकासाठी प्रकाशाचं एक काम बसवायचं ठरलं आणि ते प्रणिता येमुल या मुलीला मिळालं. तिचे पणजोबा याच दालनात साच्यावर उभे असायचे. ती मात्र बाहेरदेशी शिकून आलेली, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालणारी. माझ्या वहीत असती तर मोज्यांवरून चार घरं मोडली असती.

उद्घाटनाला तिने भाषण केलं नाही, समजावून सांगितलं.

"छपराला साडेतीनशे डब्या लावल्यात," ती म्हणाली. "त्यांतून रेडिओलहरी निघतात. मोबाइलच्याच जातीच्या, पण फार आखूड, चार मिलिमीटरच्या. त्या तुमच्या छातीवर आदळून परत जातात. श्वास घेतला की छाती जराशी पुढे येते, सोडला की मागे जाते. परतणारी लहर तेवढी लवकर किंवा उशिरा पोचते. त्यावरून यंत्राला कळतं, की अमुक जागी एक माणूस आहे आणि तो असा श्वास घेतोय. तुमचं नाव, चेहरा, वय, काहीही कळत नाही. फक्त श्वास."

फरशीवर उजेडाच्या उभ्या रेघा आखलेल्या होत्या, निळसर, कायमच्या. "हा ताणा," ती म्हणाली. "आडवा धागा तुमचा तुम्ही टाकायचा. एका फळीवर लंबकाची दोन घड्याळं शेजारी टांगली, तर काही वेळाने दोन्ही लंबक एका लयीत हलायला लागतात. एकाची थरथर फळीतून दुसऱ्याला पोचते. शेजारी बसलेल्या माणसांचंही असं होतं, त्यांना नकळत. दोघांचे श्वास सलग चाळीस सेकंद एका लयीत चालले, तर त्यांच्यामध्ये धागा पडेल."

दुपारी चार वाजता काचांमधून कसलासा प्रवाह सोडतात, काचा दुधाळ होतात आणि आत संध्याकाळ केल्यासारखी होते. सहापर्यंत तो खेळ. त्या पहिल्या दिवशी पहिला धागा एका बाईत आणि तिच्या मांडीवर झोपलेल्या बाळात पडला. केशरी, बारीक, आत काहीतरी लुकलुकत वाहतंय असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर बाळ उठलं आणि धागा गेला. दुसरा पेन्शनच्या खिडकीपाशी डुलक्या काढणाऱ्या दोन म्हाताऱ्यांत. ते एकमेकांना ओळखतही नव्हते. सगळे हसले, मीही हसले. मी त्या म्हाताऱ्यांकडे नीट पाहायला हवं होतं.

मी पाहिलं ते बाळाच्या आईकडे. म्हटलं, याहून गोड पुरावा कुठला?

आठ दिवसांत मी पहिली बैठक तिथे लावली. मुलगा होटगीचा, मुलगी मोहोळची. दोन्ही घरांचं बाकी सगळं जमलेलं, फक्त पत्रिका अडत होती. दोघांना एका बाकावर बसवलं, समोरच्या बाकांवर आम्ही बारा माणसं. मुलगा गुडघ्यांकडे बघतोय, मुलगी पदराच्या टोकाकडे. मिनिटभरात त्यांच्यामध्ये धागा उमटला आणि मुलाचे मामा उठूनच उभे राहिले.

"झालं की मग," मामा म्हणाले. "आता त्या पत्रिकेचं काय घेऊन बसायचं? हे तर समोर दिसायलंय."

"यंत्र आहे दादा, ज्योतिषी नाही," मी आपली खबरदारी म्हणून म्हटलं.

"म्हणून तर," मामा म्हणाले. "यंत्राला कुणी चहा पाजून फितवत नाही."

त्या दिवसापासून माझ्या वहीत एक नवा रकाना आला. धागा: पडला, पुसट, नाही. वर्षभरात शहरातल्या सगळ्या केंद्रांच्या बैठका त्या चौकात व्हायला लागल्या. चार ते सहा बाकं मिळेनात. लोकांनी कांदेपोह्यांचे डबे आणू नयेत अशी पाटी लागली आणि तिच्याखाली बसून लोक कांदेपोहे खाऊ लागले. नकार देणं तर इतकं सोपं झालं, की मला वाटलं आपली जीभ गंजेल. रंग, उंची, शिक्षण, काहीच बोलायला नको. "धागा पडला नाही हो." संपलं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा दोष नाही.

आयांनी त्यातही वाट काढली. एकदा माझ्या कानावर पडलं, एक आई लेकीला दटावत होती. "इकडंतिकडं बघू नकोस. त्याच्या छातीकडं लक्ष ठेव. तो घेईल तेव्हा तू घे, तो सोडेल तेव्हा तू सोड." मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. हे मी लपवत नाही.

म्हेत्रे आले ते या सगळ्या धामधुमीत. नागनाथ म्हेत्रे, वय एकसष्ट, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले वॉलमन, गल्लीगल्लीत पाणी सोडणारे. सोलापुरात वॉलमनला आमदारापेक्षा जास्त फोन येतात, त्यामुळे सगळं शहर त्यांना नावाने ओळखायचं आणि निवृत्तीनंतर एकही फोन येत नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी हुबळीला. फॉर्ममध्ये अपेक्षा या रकान्यात लोक पानभर लिहितात. यांनी दोन शब्द लिहिले होते. बोलणारी असावी.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच कुठं मिळतंय बाई," ते म्हणाले. "घरात मी रेडिओशी भांडतो. तो ऐकत नाही."

त्यांच्यासाठी मी तीन बैठका लावल्या. तिन्हींत ते त्या बाईंशी इतके बोलले, की धाग्याचा पत्ता नाही. बाईंच्या घरच्यांनी कळवलं, धागा पडला नाही. म्हेत्र्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते मात्र रोज चारला यायला लागले. भाजक्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन माझ्या बाकावर बसायचे आणि चौकातल्या जोड्यांचं धावतं वर्णन करायचे.

"तो तिसऱ्या बाकावरचा बघा. पोट आत ओढून बसलाय. सहापर्यंत टिकायचा नाही."

"म्हेत्रे, हळू बोला."

"आणि ती सासू. सून बघायला आलीय की भाजी? आता देठ मोडून बघते का बघा."

मी तोंडावर पदर धरून हसायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्याआधीची अठ्ठावीस मी घरात मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही. ते वाईट नव्हते. त्यांना शांतता लागायची इतकंच. केंद्र सुरू करायला परवानगीही त्यांनीच दिली होती, बैठका घरात होणार नाहीत या अटीवर. म्हेत्र्यांना मी हे कधीतरी सांगितलं आणि तेही त्यांच्या बायकोचं सांगत राहिले, ती भांडताना कानडीत कशी शिरायची, ते. कितीदा सहा वाजून काचा पुन्हा स्वच्छ व्हायच्या आणि आमच्या लक्षातच यायचं नाही.

असे सात महिने गेले. एक दिवस ते म्हणाले, "बाई, माझा फॉर्म परत द्या."

"का? परस्पर जमवलंत की काय?"

"जमायचंय अजून. जिच्याशी जमवायचंय, तिच्याकडंच फॉर्म आहे."

मी वही मिटली. मग उघडली. माझ्यासारख्या बाईला, जिने हजार घरांत हा विषय काढलाय, तो स्वतःवर आला तर काय करायचं कळेना. डोक्यात सगळे एकदम बोलायला लागले. पुण्यातला माझा सिद्धेश, जो काही म्हणणार नाही, पण महिनाभर फोनवर फक्त हवापाण्याचं बोलेल. सूनबाई. शेजारपाजार. लोकांची जमवता जमवता बाईंनी स्वतःचंही उरकलं, हे वाक्य तर मला कुणाच्या तोंडून येईल त्या आवाजासकट ऐकू आलं. यातलं एकही मी म्हेत्र्यांना सांगितलं नाही.

"माझा नियम तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"धागा? बसू की मग."

बसलो. मी त्या छपराखाली शेकडो जोड्या बसवलेल्या, पण स्वतः बसल्यावर हातांचं काय करायचं कळेना. पलीकडच्या बाकावरून दुसऱ्या केंद्राच्या हंचाटेबाई बघत होत्या. वीस सेकंद. पंचवीस. म्हेत्रे समोर बघत होते, गंभीर चेहऱ्याने. तिसाव्या सेकंदाला ते ओठ न हलवता म्हणाले, "बाई, हंचाटेबाईंनी श्वास रोखलाय. आपला पडेपर्यंत त्या जातील."

मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. त्या दिवशी मीच काहीतरी बोलले. तिसऱ्या दिवशी ते काही बोललेच नाहीत, पण आता बोलतील, आता बोलतील या विचारानेच मी हसत सुटले आणि माझं बघून तेही. फरशीवर नुसत्या निळ्या उभ्या रेघा.

"नाही पडला," मी डोळे पुसत म्हटलं.

"नसेना का."

"नसेना का कसं? याच कारणावरून मी घरोघरी नकार कळवलेत. आता मीच म्हटलं की मला चालतं, तर लोक काय म्हणतील?"

म्हेत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. वॉलमन चावी फिरवून पाइपाला कान लावतो, तेवढाच वेळ.

"बरं," ते म्हणाले. "मग फॉर्म राहू दे तुमच्याकडंच."

मला हलकं वाटलं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा दोष नाही.

पंधरा दिवसांत मी त्यांच्यासाठी स्थळ काढलं. लोक म्हणाले, राजश्री कोनापुऱ्यांचं मन मोठं. मन मोठं नव्हतं. चारला ते आले नाहीत की रिकामं बाक मला बघवत नव्हतं आणि त्यावर ते बसलेले तर त्याहून नाही. स्थळ बार्शीचं, उज्ज्वला नाव, वय चोपन्न. आयुष्य भावाच्या घरात गेलेलं, सहा माणसांचा स्वयंपाक आणि भावाचा राग सांभाळत. चेहरा प्रसन्न, आवाज असा की पुढे वाकून ऐकावं लागे. म्हेत्र्यांच्या फॉर्ममधला अपेक्षेचा रकाना मी उलटून पाहिला नाही. दोघांना बाकावर बसवलं. त्या दिवशी म्हेत्र्यांना बोलायला काही सुचत नसावं. पन्नास सेकंद झाले नसतील, तोवर फरशीवर तांब्याची तापलेली तार ठेवावी असा धागा पडला. इतका लख्ख मी तोवर पाहिला नव्हता.

मी वहीत लिहिलं, धागा: उत्तम. लग्नात पुरणपोळी खाल्ली. आहेरात साडी घेतली.

त्यानंतर दहा महिन्यांनी प्रणिता येमुल परत आली, डब्या साफ करायला आणि काही बिघडलं असेल तर बघायला. चार वाजता काचा दुधाळ झाल्या, बाकं भरली, पुढ्यात घराणी बसली आणि ती पोरगी खांबाला टेकून बघत राहिली. मग माझ्याकडे आली.

"मावशी, हे काय चाललंय?"

मी अभिमानाने सांगितलं. वही दाखवली. ती पानं उलटत गेली.

"चारशे बारा बैठका," ती म्हणाली. "तुम्ही एवढं सगळं लिहून ठेवलंत?"

"लिहायला नको? हे बघ, या पाच मुली. यांचा धागा ज्याच्याशी बसवू त्याच्याशी पडतो. सोनं आहेत सोनं. पाचही जणी चांगल्या घरात गेल्या."

खिशातून छोटा फोन काढून तिने कशाशीतरी खटपट केली. "धाग्यातलं वाहणं मी जरा हळू करते. तुम्ही फक्त बघा."

आजवर आम्हाला ते नुसतं लुकलुकणं वाटायचं, जरीसारखं. हळू झाल्यावर दिसलं, की उजेडाचा ठिपका एका टोकाकडून निघतो आणि दुसऱ्या टोकाला जातो. परत येत नाही. पुन्हा पहिल्या टोकाकडूनच निघतो.

"दोन श्वास जुळतात तेव्हा अगदी बरोबर एका क्षणी कधीच नसतात," प्रणिता म्हणाली. "एक पुढे असतो, दुसरा अर्धा सेकंद मागून त्याच्याशी जुळवून घेतो. जो पुढे, त्याच्याकडून ठिपका निघतो. जो जुळवून घेतो, त्याच्याकडे जातो."

पहिल्या बाकावर ठिपका मुलाकडून मुलीकडे जात होता. दुसऱ्या बाकावर मुलाकडून मुलीकडे. तिसऱ्यावर मुलीकडून मुलाकडे. त्या मुलाला घरजावई व्हायचं होतं. चौथ्यावर मुलाकडून मुलीकडे.

"ज्या मुलीचा कुणाशीही पडतो," ती म्हणाली, "तिला लहानपणापासून दुसऱ्याचा श्वास ऐकून आपला घ्यायची सवय असते, मावशी. घरात कुणाचा तरी धाक असला की लागते ती."

मी त्या पाच नावांकडे पाहिलं. एक काकांकडे वाढलेली. एकीचे वडील दारू पिणारे. उरलेल्या तिघींचं मला आठवत होतं, पण मी वही मिटली.

"आणि ज्यांचा पडतच नाही?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर नको होतं.

"त्यांचं काही सांगता येत नाही. अवघडलेले असतील. नाहीतर गप्पा मारत असतील. बोलताना श्वास तुटतो आणि हसताना तर विस्कटतोच. सलग चाळीस सेकंद मिळणार कुठून? गप्पा मारणाऱ्यांचा धागा माझ्या यंत्राला पाडताच येत नाही. मी हे वाट बघणाऱ्यांसाठी केलं होतं हो. दाखल्याला, पेन्शनला माणसं तासन् तास नुसती बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही. त्यांना कळावं की शेजारी कुणीतरी आहे. बास."

सोमवारी ती चौकात एक बोर्ड लावणार होती, सगळं स्पष्ट लिहून. मी म्हटलं, लाव.

घरी येऊन मी वही पहिल्यापासून वाचली. चारशे बारा बैठका. धागा नाही म्हणून कळवलेले नकार एकशे सत्त्याऐंशी. प्रत्येकाचा चेहरा आठवत नाही, पण एक जोडी आठवली. दोघंही इंजिनियर, बाकावर बसल्या बसल्या कशावरून तरी वाद घालायला लागली, हातवारे करकरून. मीच त्यांना दटावलं होतं. जरा गप्प बसा, मोजायचंय.

आणि मग मला माझा नवरा आठवला. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझा श्वास बदलायचा. अठ्ठावीस वर्षं. त्या छपराखाली आम्हाला कुणी बसवलं असतं, तर आमचा धागा उज्ज्वलापेक्षा लख्ख पडला असता आणि मीच कौतुकाने वहीत लिहिलं असतं, उत्तम.

शनिवारी मी म्हेत्र्यांना फोन केला. बोर्ड वाचून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं. का वाटलं, ते स्वतःला विचारलं नाही. ते म्हणाले, आजच येणार होतो, दालनासमोरच्या दुकानात उज्ज्वलाचा चष्मा टाकलाय. चारला दोघं आली. तिने मला वाकून नमस्कार केला, हळूच म्हणाली, "तुम्ही बसा, मी घेऊन येते," आणि गेली.

"काय करायलाव बाई? बऱ्या आहात?" म्हेत्रे बाकावर बसले. अंतर ठेवून.

"बरी आहे. तुम्ही वाळलात."

"बाहेरचं खाणं बंद आहे. घरात पथ्याचं." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "चांगलं चाललंय. उज्ज्वला फार करते माझं. मी काही म्हणायच्या आत हो म्हणते. सुरुवातीला मी तिला मुद्दाम चुकीचं सांगायचो, की आज मंगळवार आहे ना. बुधवार असायचा. तरी हो म्हणायची. मग मी सोडून दिलं. आता घरात रेडिओसुद्धा हळू असतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. ठिपका, पुढचा श्वास, मागचा श्वास, गप्पा मारणारे. समोरच्या जोडीचा धागा दाखवून समजावलं. माझा आवाज बैठकीतल्यासारखा व्यवस्थित होता. ते मान हलवत ऐकत होते, नवं काही ऐकताना हलवतो तशी नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"एवढं शास्त्र नाही. पण गप्प बसलं की पडतो, ते कळलं होतं. सात महिने रोज चार ते सहा दुसरं काय बघत होतो मी? एकदा तिकडं खिडकीवर एक साहेब म्हातारीवर खेकसला नि कागद चाळत बसला. ती नुसती उभी राहिली, मान खाली घालून. केवढा लख्ख धागा पडला होता त्या दोघांत. तुम्ही तेव्हा वहीत काहीतरी लिहीत होता."

"मग मला सांगितलं का नाही? मी नाही म्हटलं तेव्हा तरी?"

"सांगून काय झालं असतं? तुम्हाला नाही म्हणायचं होतं. ते कारण मी खोडलं असतं, तर तुम्ही दुसरं काढलं असतं."

एकवीस वर्षांत मला कुणी असं कोपऱ्यात घेतलेलं नाही. मी म्हटलं, "निदान चाळीस सेकंद गप्प तरी बसायचं. पडला असता. मग मला नाही म्हणता आलं नसतं."

"बसणारच होतो," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी तर ठरवूनच आलो होतो, तोंड उघडायचं नाही. पण तुम्ही हसायला लागलात. मग मला वाटलं, हे थांबवून ते कशाला मिळवायचं?"

आमच्यासमोरची फरशी नुसती फरशी होती. मी तिच्याकडे बघत विचारलं, "आणि आज मीच विचारलं असतं तर?"

म्हेत्र्यांनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उज्ज्वला उभी होती. नव्या चष्म्यातून तिला आत आम्ही दिसत असू की नाही, कुणास ठाऊक. गाड्यांचा ओघ थांबत नव्हता आणि ती एक पाऊल खाली टाकून पुन्हा वर घेत होती.

"तिला एकटीनं रस्ता ओलांडायची सवय नाही," ते म्हणाले आणि उठले.

"जा," मी म्हटलं. "आणि येताना तिला काहीतरी विचारा. हो-नाहीवर भागणार नाही असं. उत्तर येईपर्यंत थांबा."